ट्यूशन एक्स्चेंज की सीआयसी? लेकीच्या कॉलेजच्या वेळी आम्ही काय निवडलं

ऑगस्ट लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत नोकरी करणारी मराठी माणसं आता बरीच आहेत. कुणी शिकवतं, कुणी आयटीत आहे, कुणी ग्रंथालयात. मूल बारावीत गेलं की सगळ्यांचा प्रश्न एकच: "आमच्या कॉलेजात ट्यूशन एक्स्चेंज आहे आणि सीआयसीही आहे. जोर कुठे लावू?" आम्ही तीन वर्षांपूर्वी यातून गेलो. लेक आता तिसऱ्या वर्षाला आहे. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगतो ते इथे सलग लिहितोय. थोडक्यात, दोन्ही योजनांत एका सभासद कॉलेजातल्या कर्मचाऱ्याच्या मुलाला दुसऱ्या सभासद कॉलेजात ट्यूशनमध्ये, म्हणजे शिकवण्याच्या शुल्कात, माफी मिळू शकते; बाकी तपशील तुम्हाला एच-आरने सांगितला असेलच, त्यामुळे तो पुन्हा उगाळत नाही.

कागदावर पाहिलं तर ट्यूशन एक्स्चेंजचं पारडं जड दिसतं. १९५४पासूनची योजना, सातशेच्या आसपास कॉलेजं, आणि यादीत यूएससी, सिरॅक्यूज यांसारखी सांगलीतल्या नातेवाइकांनाही ऐकून माहीत असलेली नावं. सीआयसीची, म्हणजे कौन्सिल ऑफ इंडिपेंडंट कॉलेजेसची यादी चारशेच्या वर असली तरी त्यात बहुतेक लहान कॉलेजं, दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची, आडगावातली. बरीचशी कॉलेजं दोन्ही याद्यांत असतात, हे मात्र लक्षात ठेवा. याद्या दर वर्षी थोड्या बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका.

पैशांचं गणित लोक वरवर करतात, म्हणून जरा थांबतो. सीआयसीमध्ये मिळाली तर पूर्ण ट्यूशन माफ. इतर फी आणि रूम-बोर्ड, म्हणजे राहण्या-जेवणाचा खर्च, आपला. ट्यूशन एक्स्चेंजमध्ये कॉलेज एकतर पूर्ण ट्यूशन देतं किंवा योजनेने त्या वर्षासाठी ठरवलेली रक्कम, म्हणजे ठरलेला दर, देतं. आमच्या वेळी तो चाळीस हजार डॉलरच्या आसपास होता. लेकीला जे कॉलेज मनापासून हवं होतं, त्याची ट्यूशन साठ हजार. म्हणजे एक्स्चेंज मिळूनही वरचे वीस हजार आमचे, शिवाय रूम-बोर्डचे सतरा. सीआयसीवाल्या कॉलेजात फक्त सतरा. चार वर्षांत ऐंशी हजारांचा फरक. कॉलेजची ट्यूशन ठरलेल्या दराच्या आतच असेल तर हा फरक उरत नाही, पण मुलांना आवडणारी कॉलेजं नेमकी महाग असतात, असा माझा अनुभव.

तरीही आमचा निर्णय पैशांवर झाला नाही. पोटाला चिमटा काढून वीस हजार उभे करायची आमची तयारी होती. निर्णय झाला तो वाट पाहण्यावरून.

ट्यूशन एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलेजचं खातं असतं. आपल्याकडची किती मुलं बाहेर गेली आणि बाहेरची किती आत आली, याचा मेळ ठेवावा लागतो. तिथे याला सरळ आयात-निर्यातच म्हणतात. माझ्या कॉलेजातून काही वर्षं जास्त मुलं गेली आणि कमी आली, म्हणून त्या वर्षी बाहेर पाठवायच्या जागा चारच ठेवल्या. कुटुंबं सहा. क्रम नोकरीच्या वर्षांवरून. मला तिथे सहा वर्षं झाली होती, माझा नंबर पाचवा. लेकीचे मार्क, तिचे निबंध, तिने उन्हाळाभर नदीच्या पाण्याचे नमुने गोळा केले होते, यातल्या कशाचाही त्या रांगेशी संबंध नव्हता. एका सहकाऱ्याच्या मुलाने राज्याच्या विद्यापीठात जायचं ठरवलं, तेव्हा नोव्हेंबरात आमचा नंबर लागला.

मला वाटलं, सुटलो. पण ती पहिली रांग होती. दुसरी रांग लेकीला हव्या असलेल्या कॉलेजात. ते आपल्या हिशोबाने जागा वाटतं, आणि आधीच्या मुलांनी नाही म्हटलं तरच पुढच्यांना विचारतं. मार्चच्या मध्यात प्रवेशाचं पत्र आलं, जाडजूड निळ्या फोल्डरात, सोबत बावीस हजारांची मेरिट स्कॉलरशिप. ही स्कॉलरशिप एक्स्चेंजच्या वर मिळत नाही, त्यातच धरली जाते. आणि एक्स्चेंजपुढे पोर्टलवर एकच शब्द: 'पेंडिंग'.

सहा आठवडे तो शब्द तसाच राहिला. लेक रोज सकाळी शाळेची बस यायच्या आधी, बूट घालून, दप्तर पाठीवर घेऊन, उभ्याउभ्या फोनवर ते पान उघडायची. काही बोलायची नाही. बायकोने किराण्याच्या यादीच्या पाठीमागे दोन्ही कॉलेजांचे आकडे लिहून फ्रिजवर लावले होते. एका रकान्यात बेरीज केलेली, दुसऱ्यात नुसतंच प्रश्नचिन्ह. मी तीनदा फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय सौजन्याने बोलायच्या, आणि त्यांच्याही हातात काही नाही हे कळायचं. १ मे ही उत्तर द्यायची शेवटची तारीख. ३० एप्रिलच्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सीआयसीवाल्या कॉलेजात चारशे डॉलरचं डिपॉझिट भरलं. ६ मेला दुसरीकडून ईमेल आला, की एक्स्चेंज मंजूर झालंय. लेकीने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "बाबा, आता नको."

नकार आला असता तर आम्ही एका दिवसात सावरलो असतो. पण सतरा वर्षांच्या मुलीला वर्षातला सर्वांत मोठा निर्णय घ्यायचा असताना दीड महिना टांगणीवर ठेवणं, हे मला फार लागलं. त्यात कुणाची चूक होती असं मी म्हणणार नाही. योजनेची बांधणीच तशी आहे.

सीआयसीमध्ये ते मेळ ठेवणारं खातं नाही. आपल्या कॉलेजातून कितीही मुलं अर्ज करू शकतात, आणि प्रत्येक सभासद कॉलेजने दर वर्षी किमान तीन नवी मुलं घ्यायची असतात. म्हणजे पहिली रांग मुळातच नाही. दुसरी आहे. किमान तीन म्हणजे काही ठिकाणी तीनच, हे धरून चाला. आमच्या बाबतीत प्रवेशाचं पत्र जानेवारीअखेर आलं आणि सीआयसीचा होकार फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, चार ओळींचा. तो आमच्या नशिबाचा भाग असू शकेल. पण माझ्या ओळखीतल्या आणखी दोन घरांतही उत्तर मार्चच्या आतच आलं होतं.

आमच्यासारखे एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एच-फोरवरच्या, म्हणजे आपल्यावर अवलंबून व्हिसा असलेल्या, मुलांना फेडरल (केंद्र सरकारची) मदत मिळत नाही. त्यामुळे इतरांना एक्स्चेंज हुकलं तर पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांसाठीचं सरकारी अनुदान) किंवा फेडरल कर्जाचा आधार असू शकतो, आपल्याला तोही नाही. ही सवलत मात्र नोकरीतून येते, माझ्या कॉलेजने व्हिसा विचारलासुद्धा नाही. ग्रीन कार्ड रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं तर त्याला सहसा एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागतं. तसं झालं तरी सवलत चालू राहील, हे मी एच-आरकडून लेखी घेऊन ठेवलंय. तुम्हीही घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

बाकी बाबतींत दोन्ही योजना सारख्याच. आठ सेमिस्टर, उन्हाळ्याचे वर्ग सहसा धरत नाहीत. करसंहितेच्या कलम ११७(डी) मुळे पदवीपर्यंतची ही माफी करमुक्त असते. आणि तुम्ही नोकरी सोडलीत की सवलत थांबते, कारण तुमचं कॉलेज दर वर्षी नव्याने दाखला देतं. गेल्या वर्षी मला पिट्सबर्गहून चांगली ऑफर आली होती. पगार अठरा हजारांनी जास्त होता. घरी बसून दोघांनी हिशोब मांडला आणि नाही म्हटलं. चार वर्षं एका जागी पाय रोवून राहायची तयारी नसेल, तर दोन्ही योजनांचा विचार जपून करा.

स्वतःच्याच कॉलेजात मुलीला घालायचा पर्याय सर्वांत सोपा होता, ना रांग ना वाट पाहणं. पण तिला बाबांच्या ऑफिसपासून दोनशे पावलांवर शिकायचं नव्हतं, आणि ते मला पटलं.

सीआयसीचं उणं सांगायला हवं. इंजिनिअरिंग हवं असेल तर यादी फार तोकडी. चित्रपट, पत्रकारिता, मोठ्या शहरातल्या इंटर्नशिप असं काही डोक्यात असेल, तर ट्यूशन एक्स्चेंजची यादी खरोखर चांगली आहे, आणि तिथे वाट पाहायची किंमत मोजणं रास्त ठरेल. तुमच्या कॉलेजात निर्यातीच्या जागा भरपूर असतील किंवा तुमची नोकरी पंधरा-वीस वर्षांची असेल, तर माझी अर्धी तक्रार तुम्हाला लागूच होत नाही. म्हणून फॉर्म भरायच्या आधी आपल्या कॉलेजात ही योजना पाहणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: यंदा बाहेर पाठवायच्या जागा किती, आणि माझा नंबर कितवा? त्याचं उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर मी तरी सीआयसीकडेच वळेन.

लेकीचं कॉलेज साडेबाराशे मुलांचं आहे. दुसऱ्या वर्षापासून ती जीवशास्त्राच्या एका प्राध्यापकांबरोबर ओढ्यातले कीटक मोजते. पहिल्या हिवाळ्यात तिला ताप आला होता, तेव्हा त्या प्राध्यापकांच्या पत्नी खोलीवर सूप घेऊन गेल्या. हे मला दोन महिन्यांनी, सुट्टीत घरी आल्यावर, आजीशी व्हिडिओवर बोलताना तिने सांगितलं तेव्हा कळलं.

धाकटा पुढच्या वर्षी अर्ज करेल. त्याला हवी असलेली सहा कॉलेजं निघाली आहेत. चार सीआयसीची, दोन ट्यूशन एक्स्चेंजची, आणि त्या दोन्हींची ट्यूशन ठरलेल्या दराच्या आत आहे हे मी आधी पाहून घेतलंय. निर्यातीच्या रांगेत यंदा माझा नंबर तिसरा आहे.