३८,५०० रुपयांची झोप

एसटीत मी २९ वर्षं वाहक होतो. त्यातली निम्मी वर्षं मुक्कामाच्या गाडीवर गेली. रात्री साडेनऊला पाटणच्या पुढं एखाद्या वाडीत गाडी लावायची आणि देवळाच्या ओवरीत अंथरूण टाकायचं. जागा नसली तर गाडीतच मागच्या लांब सीटवर पडायचं. डास, कुत्री, ड्रायव्हरचं घोरणं, कशाचाच त्रास नसायचा. पाठ टेकली की पहाटे पाचपर्यंत मेल्यागत झोप. अशा माणसाला कुणीतरी झोप लागण्यासाठी चुंबकाची गादी विकली हे सांगायला लाज वाटते. तरी सांगतोय, कारण माझ्या शब्दावर आणखी तिघांनी ती घेतली.

रिटायर होऊन आठ वर्षं झाली. गेली तीन-चार वर्षं पहाटे सव्वातीनला टक्क जाग यायची. मग साडेपाचपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. विरंगुळा केंद्रात बाकावर बसलं की सगळ्यांचं हेच गाऱ्हाणं. आमच्यातला एक जण तर म्हणायचा, आपण आता घराची राखणच करतो.

त्याच बाकावर एक पत्रक आलं. झोप, गुडघे, शुगर, बीपी, सगळ्यावर मोफत तपासणी. कराडातल्याच एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. आम्ही सात-आठ जण गेलो, हिलाही नेलं. दारात टाय लावलेल्या पोरांनी वाकून नमस्कार केला, पोहे-चहा दिला. मग हातात धातूची कांडी धरायला लावली. मिनिटभरात कॉम्प्युटरमधून २८ पानांचा रंगीत अहवाल. मेंदूचा रक्तपुरवठा कमी, झोपेची ग्रंथी अशक्त, सांध्यातलं वंगण संपत आलेलं. रक्ताचा एक थेंब न काढता एवढं कळतं, याचंच आम्हाला अप्रूप.

पण मला गाठलं ते पुढच्या खेळानं. पोरगं म्हणालं, "काका, एका पायावर उभे राहा, हात आडवे पसरा." त्यानं माझ्या हातावर दोन बोटांनी दाब दिला आणि मी कोलमडलो. घाटातल्या वळणांवर दांडी न धरता तिकिटं फाडलेला माणूस मी, आणि शंभर माणसांपुढं तोल गेला. नंतर तेच चुंबकाच्या गादीवर उभं करून केलं. जागचा हललो नाही. टाळ्या पडल्या. भाच्यानं नंतर घरी दोन मिनिटांत उलगडून दाखवलं. पहिल्यांदा हात खाली आणि अंगापासून बाहेर ओढायचा, दुसऱ्यांदा अंगाच्या दिशेनं दाबायचा, बास. शिवाय दुसऱ्या खेपेला आपण आपसूक सावरून उभे राहतो. गादी नसली तरी जमतं, आमच्या स्वयंपाकघरात पाटावरही जमलं.

डबल बेडची गादी ३८,५०० रुपये. माझी ईपीएस-९५ची पेन्शन तीन हजारांच्या आत आहे, यावरून काय ते समजा. "आजच नोंदवली तर चुंबकाची उशी भेट," असं म्हणाले. ५,००० तिथंच दिले, बाकीचे गादी घरी आल्यावर. भविष्य निर्वाह निधीतून मुदत ठेवीत टाकलेले पैसे मोडले. ही म्हणाली होती, पोराला एकदा विचारा. मी म्हणालो, पोराला काय कळतंय.

खरं तर गंमत पुढंच आहे. गादी लागली आणि मला झोप लागली! साडेचारपर्यंत गाढ. मी खूश. केंद्रात जाऊन ऐट केली, कंपनीच्या पोराला फोन करून नावं दिली, तिघांनी गाद्या घेतल्या. मला आणखी एक उशी मिळाली. ती मी घेतली, हेही लिहून ठेवतो.

गादीबरोबर एक साधा छापील कागद आला होता, 'गादीचं पथ्य'. दुपारी झोपायचं नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही. सकाळी उन्हात चालायचं. रात्री मोबाइल आणि टीव्ही लवकर बंद. पथ्य मोडलं तर चुंबक काम करणार नाही, अशी ताकीद. मी ते ड्यूटीसारखं पाळलं. जूनमध्ये पाऊस लागला, चालणं बंद झालं, जेवण झाल्यावर दुपारी तास-दीड तास डोळा लागायला लागला. आठवड्याभरात पुन्हा सव्वातीन. फोन केला तर उत्तर, "काका, शरीरातली विषं बाहेर पडतायत, सहा महिने धीर धरा."

त्याच दरम्यान हिची पेसमेकरची तपासणी होती. दोन वर्षांपूर्वी बसवलाय, डाव्या खांद्याच्या हाडाखाली. तपासणीच्या मुलीनं नेहमीप्रमाणं विचारलं, मोबाइल छातीच्या खिशात ठेवत नाही ना, चुंबक जवळ नसतं ना? ही साधेपणानं म्हणाली, "गादी हाय की चुंबकाची. उशीबी." ती मुलगी उठून डॉक्टरांनाच घेऊन आली.

डॉक्टर चिडलेच. चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आलं तर यंत्र हृदयाचे ठोके ओळखायचं थांबवतं आणि आपल्याच ठरलेल्या गतीनं ठोके देत बसतं. चुंबक लांब गेलं की पूर्ववत होतं, पण १५ सेंटिमीटरच्या आत ते आणूच नये. आणि आमची ही डाव्या कुशीवर, ती फुकटची उशी छातीशी घेऊन झोपायची. शिबिरात तिच्या हातात कांडी देताना कुणी विचारलं नव्हतं, पेसमेकर आहे का म्हणून. काही झालं नाही, हे आमचं नशीब.

मी विचारलं, रक्तात लोह असतं, ते चुंबक ओढतं ना? डॉक्टर म्हणाले, रक्तातलं लोह म्हणजे खिळ्याचं लोखंड नव्हे. एमआरआयच्या दीड टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे गादीपेक्षा कितीतरी जबर चुंबकात, माणसं अर्धा तास पडून असतात, त्यांचं रक्त कुठं एका बाजूला गोळा होतं?

मग त्यांनी मला विचारलं, किती वाजता पडता? सव्वानऊला. जाग? सव्वातीनला. दुपारी? दीड तास. त्यांनी बोटावर बेरीज केली, साडेसात तास. पासष्टीनंतर सात ते आठ तास पुरतात. म्हातारपणी गाढ झोपेचा भाग कमी होतो, झोप सावध होते, मध्ये जाग येते. शरीराचं घड्याळही पुढं सरकतं, संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर उजाडतं. आजार म्हणावं असं माझ्यात काही नव्हतं. बीपीची माझी एक गोळी लघवी जास्त करणारी निघाली, ती मी रात्री घ्यायचो. ती सकाळी करून दिली. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणि तीनच्या आत, रात्री साडेदहाच्या आधी आडवं व्हायचं नाही, जाग आली तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं. म्हणजे जवळपास गादीच्या पथ्याचाच कागद. तो कागद फुकट होता. घोरताना श्वास अडकतो का, एवढं मात्र त्यांनी हिला विचारून घेतलं, तसं असेल तर वेगळी तपासणी लागते म्हणाले. आपल्या मनानं झोपेची गोळी घेऊ नका, या वयात रात्री उठताना पडायला तेवढं पुरतं, हेही.

घरी येऊन मी तिकिटांचा हिशेब जुळवायच्या सवयीनं दोघांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले. हिच्या अहवालात पान ९, पित्ताशयाचं कार्य सर्वसाधारण. हिचं पित्ताशय २००९ सालीच काढलंय.

पावतीवर काय होतं? 'कॉटन मॅट्रेस'. ना झोप, ना शुगर, ना चुंबक. जीएसटी क्रमांक नाही, खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. फोन बंद. मंगल कार्यालयवाल्याकडं फक्त भाड्याची नोंद.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, तिथली बाई धीरानं ऐकते. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यानं बरंच समजावलं. माल परत घेणार नाही असं छापलं म्हणून सदोष माल गळ्यात मारता येत नाही. २०१९च्या कायद्यामुळं विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. शिबिराचं पत्रक आणि अहवाल मी टाकून दिले नव्हते, तेच आता कामाला येतायत. तुम्हीही टाकू नका, आणि पैसे रोख देऊ नका. मी रोखच दिले होते.

साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. तिघांपैकी दोघांनी सह्या केल्या. तिसरा केंद्रात मी आलो की बाकावरून उठतो. त्याच्या सुनेनं त्याला गादीवरून बरंच ऐकवलं म्हणतात.

तसंच पत्रक परवा इस्लामपूरला वाटलं गेलंय, नाव दुसरं, कांडी तीच. रविवारी सकाळी दहाला. पहिल्या गाडीनं मी जाणार आहे, हिचं पान ९ घेऊन.