सेटिंगची फाईल ठेवायची कुठे? विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी चार वाटांची तुलना

लासलगावजवळच्या एका खळ्यावरून सकाळी नऊला फोन येतो. "साहेब, काटा बोलत नाहीये." वजनकाटा जागेवर असतो, केबलही लावलेली असते. झालेलं इतकंच असतं, की झाडलोट करताना कोणीतरी यूएसबीची पिन काढून शेजारच्या खाचेत घातली आणि कॉम पोर्ट, म्हणजे विंडोज त्या जोडणीला देतं तो क्रमांक, तीनचा पाच झाला. फाईलमधला एक आकडा बदलला की काम झालं. पण पुढची दहा मिनिटं ती फाईल कुठे आहे हे सांगण्यातच जातात.

आमची नाशिकमधली तिघांची टीम आहे. वजनकाट्यावरचं वजन वाचून पावती छापणारं सॉफ्टवेअर हा आमचा मुख्य धंदा. गिऱ्हाईक बहुतेक विंडोजवालं, पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये उबुंटू आहे, आणि दोन-तीन मालकांच्या मुलांकडे मॅकबुक. शिवाय एक कमांड लाइन टूल (बटणांऐवजी टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारं) आहे, ते आमच्यासारखे डेव्हलपरच वापरतात. दोन्ही प्रॉडक्टसाठी आम्ही फाईलची जागा वेगवेगळी निवडली. तुम्ही नवीन काही बांधत असाल आणि याच फाट्यावर उभे असाल, तर चारही वाटांवर आम्ही कुठे ठेचकाळलो ते वाचून घ्या.

पहिली वाट: प्रोग्रॅमच्या शेजारीच

सुरुवात सगळे इथूनच करतात. प्रोग्रॅम ज्या फोल्डरात, त्याच फोल्डरात सेटिंगची फाईल. पेन ड्राइव्हवर टाकून कुठेही न्या, मागे कचरा उरत नाही. व्हीएस कोडमध्येसुद्धा शेजारी 'डेटा' नावाचं फोल्डर केलं की तो या पोर्टेबल पद्धतीने चालतो.

विंडोजवर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरसाठी मात्र हे करू नका. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मी यापायी अख्खी दुपार घालवली आहे. प्रोग्रॅम आमचाच, जुना, ३२ बिटचा. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडलं, पोर्ट बदलला, सेव्ह केलं, प्रोग्रॅम बंद करून चालू केला. पोर्ट जुनाच. फाईल पुन्हा उघडून बघितली तर आकडा नवा. शेवटी मशीनवर काम करणारा मुलगाच म्हणाला, "दादा, ही फाईल दोन ठिकाणी तर नाही ना?"

होतीच. व्हिस्टापासून विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमला 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहू देत नाही, पण नाहीही म्हणत नाही. लिहिलेलं सगळं गुपचूप ॲपडेटा या प्रत्येक युजरच्या स्वतःच्या फोल्डरातल्या 'लोकल'मधल्या 'व्हर्च्युअल स्टोअर'मध्ये वळवतं, आणि तो प्रोग्रॅम वाचायला आला की आधी तीच प्रत पुढे करतं. मी दुरुस्त करत होतो मूळ फाईल, प्रोग्रॅम वाचत होता तिची सावली. चूक आमची होती, विंडोजने ती फक्त झाकून ठेवली होती. तेव्हापासून पोर्टेबल पद्धत आम्ही झिप फाईल म्हणून देतो त्या प्रतीपुरतीच ठेवली आहे.

दुसरी वाट: होम फोल्डर, नावाआधी टिंब

एसएसएच, डॉकर, एडब्ल्यूएसची कमांड लाइन, कुबरनेटिस ही डेव्हलपरची टूलं सगळी याच पंथाची. होम फोल्डरमध्ये, म्हणजे प्रत्येक लॉगिनच्या स्वतःच्या फोल्डरात, टिंबाने सुरू होणारं एक फोल्डर, तिन्ही सिस्टिमवर तेच. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की माहितीपुस्तिकेत एकच ओळ लिहावी लागते आणि फोनवरही तेच एक वाक्य सांगता येतं.

टिंबाने सुरू होणारी फाईल लपते, ही गंमत मुळात ठरवून केलेली नाही. युनिक्सवर जुन्या काळापासून काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२मध्ये लिहिलं होतं, की यादी दाखवणाऱ्या कमांडमधून 'हे फोल्डर' आणि 'वरचं फोल्डर' या दोन नोंदी गाळण्यासाठी सोपी तपासणी घातली गेली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. त्या आळसातून डॉटफाईल जन्मल्या. विंडोज मात्र टिंबाला काहीच किंमत देत नाही. तिथे ही फोल्डरं 'डॉक्युमेंट्स' आणि 'डाउनलोड्स'च्या रांगेत उघडी दिसतात, आणि एखादे दिवाणजी "हा काय व्हायरस आहे का?" म्हणून विचारतात. एकांनी विचारण्याआधीच डिलीट केलं होतं.

लिनक्सवाल्यांची तक्रार वेगळी, आणि रास्त आहे. प्रत्येक टूलने घराच्या दारातच चप्पल काढायची ठरवली, तर दार दिसायचं बंद होतं. तुमच्या सेटिंग, कॅशे (तात्पुरत्या प्रती) आणि लॉग (कामाच्या नोंदी) एकाच टिंबाच्या फोल्डरात कोंबलेले असतील, तर माणसाला फक्त सेटिंगचा बॅकअप घेता येत नाही.

तिसरी वाट: ज्या घरची जी रीत

इथे प्रत्येक सिस्टिमने स्वतः सांगितलेली जागा वापरायची. ढोबळ नकाशा असा (डॉट म्हणजे नावाआधीचं टिंब):

| | विंडोज | मॅक | लिनक्स |
|---|---|---|---|
| माणसाच्या सेटिंग | ॲपडेटा, रोमिंग | होममधली लायब्ररी, ॲप्लिकेशन सपोर्ट | डॉट-कॉन्फिग |
| लॉग, इतिहास | ॲपडेटा, लोकल | लायब्ररी, लॉग्ज | डॉट-लोकल, स्टेट |
| पुसलं तरी चालेल असं | ॲपडेटा, लोकल | लायब्ररी, कॅशेस | डॉट-कॅशे |
| सगळ्या लॉगिनना सामाईक | प्रोग्रॅमडेटा | मुळातली लायब्ररी | ईटीसी |

लिनक्सचा रकाना फ्रीडेस्कटॉप या लिनक्स डेस्कटॉपचे सामाईक नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या एक्सडीजी नियमांतून आला आहे. ते नियम २००३पासूनचे, 'स्टेट'ची जागा मात्र २०२१मध्ये वाढवली गेली. त्यांत एक गोष्ट हमखास विसरली जाते: डॉट-कॉन्फिग हा फक्त डिफॉल्ट आहे. माणसाने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सिस्टिममध्ये नाव देऊन ठेवलेल्या नोंदीत) दुसरी जागा दिली असेल तर ती मानायची, आणि तिथे पूर्ण पाथ (फोल्डरचा पत्ता) नसून अर्धवट पाथ असेल तर तो सोडून द्यायचा.

मॅकवर 'प्रेफरन्सेस' नावाचं फोल्डर दिसतं आणि मोह होतो. तिथे हात घालू नका. तिथल्या पीलिस्ट फाईल (मॅकच्या स्वतःच्या रचनेच्या सेटिंगच्या फाईल) सिस्टिम सांभाळते आणि त्यातले आकडे स्मृतीत धरून ठेवते. हाताने केलेला बदल कधी दिसत नाही, कधी पुसला जातो. स्वतःच्या रचनेची फाईल असेल तर जागा 'ॲप्लिकेशन सपोर्ट'. त्या नावात मधे मोकळी जागा आहे, तेव्हा शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने अवतरणचिन्हं विसरली की पाथचे दोन तुकडे झालेच म्हणून समजा.

विंडोजवरचा खरा प्रश्न रोमिंग की लोकल हा आहे, आणि बहुतेक जण नाणं उडवून ठरवतात. डोमेन असलेल्या, म्हणजे सगळी लॉगिन एका सर्व्हरवरून चालणाऱ्या, ऑफिसात रोमिंग प्रोफाइल चालू असेल, तर रोमिंगमधल्या फाईल लॉगिन-लॉगआउटच्या वेळी सर्व्हरशी देवाणघेवाण करतात. माणूस दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसला की सेटिंग त्याच्या मागोमाग तिथे जातात. पावतीवरचा मराठी फॉन्ट, भाषा, दर दाखवण्याची पद्धत हे सगळं असं फिरलं तर चांगलंच. पण कॉम पोर्ट? तो माणसाचा नाही, त्या टेबलाचा आहे. आम्ही दोन्ही एकाच फाईलमध्ये ठेवलं होतं. एका पॅकहाऊसमधला सुपरवायझर गेटवरच्या कॉम्प्युटरवरून आतल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला आणि स्वतःबरोबर गेटचा पोर्ट घेऊन गेला. आतला काटा मुका.

तेव्हा आम्ही फाईल फोडली. पोर्ट, बॉड रेट (काट्याशी बोलण्याचा वेग) आणि प्रिंटर गेले प्रोग्रॅमडेटात, कारण एकाच कॉम्प्युटरवर दिवसा एक दिवाणजी असतात, रात्री दुसरे, पण काटा तोच. यात एक मेख आहे. प्रोग्रॅमडेटात साधा युजर नवी फाईल करू शकतो, पण दुसऱ्याने केलेली फाईल मुळात त्याला बदलता येत नाही. म्हणून आमच्या फोल्डरची परवानगी इन्स्टॉलरमध्येच नीट लावून घ्यावी लागली. लिनक्सवर तोच भाग ईटीसीमध्ये गेला आणि तिथे काही कुरबुर झाली नाही.

चौथी वाट: मॅकवरही डॉट-कॉन्फिग

ही वाट कमांड लाइनवाल्यांची. निओव्हिम आणि हेलिक्स हे एडिटर आणि गिटहब सीएलआय हे टूल मॅकवरही ॲप्लिकेशन सपोर्टकडे न जाता होममधल्या डॉट-कॉन्फिगमध्येच सेटिंग वाचतात. विंडोजवर पुन्हा ॲपडेटा, आणि तिथेही एकमत नाही: निओव्हिम लोकलमध्ये जातो, हेलिक्स रोमिंगमध्ये.

कारण सरळ आहे. ही फाईल माणूस स्वतः एडिटरमध्ये उघडतो, गिटमध्ये (फाईलच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवतो, ऑफिसच्या लिनक्सवरून घरच्या मॅकवर नेतो. त्याला दोन्हीकडे एकच पाथ हवा असतो. ॲप्लिकेशन सपोर्ट त्याच्या दृष्टीने माळा आहे. लायब्ररी फोल्डर मॅकने २०११पासून डोळ्याआडच ठेवलंय.

फक्त तुमची प्रोग्रॅमिंगची लायब्ररी (तयार कोडचा संच, मॅकचं फोल्डर नव्हे) काय देते ते आधी तपासा. गो भाषेत १.१३पासून कॉन्फिगचं फोल्डर सांगणारं तयार फंक्शन आहे, पण ते मॅकवर ॲप्लिकेशन सपोर्टच देतं. पायथनचं प्लॅटफॉर्मडर्स, रस्टचं डर्स हेही मुळात तेच सांगतात. म्हणजे चौथी वाट हवी असेल तर मॅकपुरत्या दोन-चार ओळी स्वतः लिहाव्या लागतात. आमच्या कमांड लाइन टूलसाठी आम्ही त्या लिहिल्या, आणि अजून एकाही मॅकवाल्याने कुरकुर केलेली नाही.

मग निवडायचं कसं

माझ्या मते दोन प्रश्न पुरतात. सेटिंग कोणाची, यंत्राची की माणसाची? आणि फाईल कोण उघडणार, प्रोग्रॅम की माणूस? सेटिंग बदलायला तुमच्या प्रोग्रॅममध्ये स्क्रीन असेल तर तिसरी वाट, डोळे झाकून. माणूस हाताने लिहिणार असेल आणि तो डेव्हलपर असेल तर चौथी. दुसरी वाट आज नव्याने धरायला मला कारण दिसत नाही. एसएसएचला ती शोभते, तो त्या घरातला आजोबा आहे.

वाट कोणतीही धरा, दोन चाचण्या मात्र करून घ्या. पहिली, विंडोजवर लोकल अकाउंटचं नाव देवनागरीत टाका. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर अकाउंट 'सविता ताई' या नावाचं होतं, होम फोल्डरही त्याच नावाचं झालं, आणि आमचा प्रोग्रॅम पाथमध्ये प्रश्नचिन्हं घेऊन उभा राहिला. विंडोजच्या जुन्या, युनिकोडपूर्व फंक्शनना देवनागरी कळतच नाही, कारण देवनागरीसाठी तसलं जुनं कोड पेज (अक्षरांचा तक्ता) विंडोजमध्ये नाहीच. पुण्या-मुंबईच्या टेस्टरच्या लॅपटॉपवर हा बग सापडणार नाही, तिथे सगळ्यांची नावं इंग्रजीत.

दुसरी चाचणी, प्रोग्रॅम विंडोज सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन न करता मागे चालणारा म्हणून, चालवा. सिस्टिम अकाउंटचं ॲपडेटा हे विंडोजच्याच पोटात 'सिस्टिम प्रोफाइल'मध्ये असतं. दिवाणजींच्या ॲपडेटात केलेला बदल सर्व्हिसला दिसणार नाही आणि तुम्ही पुन्हा अंबडच्या त्या दुपारी पोचाल. लिनक्सवर फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रॅम बंदिस्त पेटीत देण्याच्या पद्धतीने) दिलेला प्रोग्रॅमही असाच स्वतःचं वेगळं कॉन्फिग फोल्डर घेऊन बसतो.

आणि जागा बदलायची झाली तर

आम्हाला बदलावी लागली, तुम्हालाही लागेल. यात गिटचं वागणं चांगलं आहे. त्याची होममधली जुनी डॉटफाईल आजही चालते, २०१२पासून तो डॉट-कॉन्फिगमधली फाईलही वाचतो, आणि दोन्हींत एकच सेटिंग असेल तर होममधली वरचढ ठरते. कोणालाही हलवण्याची सक्ती नाही.

आमच्याकडे इतकी उदारता परवडली नाही, कारण दोन फाईलचा घोळ आम्ही एकदा भोगला होता. आमचा प्रोग्रॅम नव्या जागी फाईल नसेल तरच जुनी शोधतो, तिची प्रत नव्या जागी ठेवतो, आणि जुन्या फाईलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवतो की ही आता वाचली जात नाही, नवी फाईल अमुक ठिकाणी आहे. जुनी पुसत नाही. एखाद्या खळ्यावर मागची आवृत्ती अजून चालू असते, तिने ती ओळ टिप्पणी म्हणून सोडून दिली तरी तिचं काम अडत नाही.

फोनवरचं काम मात्र हलकं झालं, त्याचं श्रेय एका बटणाला. आधी मी "विंडोजची कळ आणि आर दाबा, टक्क्याचं चिन्ह टाका, ॲपडेटा लिहा, परत टक्क्याचं चिन्ह" असं सांगत बसायचो. मॅकवाल्याला "वरच्या गो मेनूवर जा, पण आधी ऑप्शन कळ दाबून धरा, मग लायब्ररी दिसेल". लिनक्सवाल्याला "कंट्रोल एच". आता सेटिंगच्या स्क्रीनवर तळाशी 'फाईल कुठे आहे ते दाखवा' असं बटण आहे, आणि कमांड लाइन टूलमध्ये पाथ छापणारी एक उपकमांड. परवा खळ्यावरून पुन्हा फोन आला. दिवाणजी म्हणाले, "साहेब, बटण दाबलं, फाईल उघडली, तिनाचे पाच केले. काटा बोलतोय. आता पावतीवर तारीख उलटी का येते ते सांगा."