दादरचं भगंदराचं क्लिनिक, ह्यांच्या दुसऱ्या ऑपरेशनचा अनुभव

ह्यांचं पहिलं ऑपरेशन मागच्या वर्षी दुसरीकडे झालं, एमआरआय न करताच लेझर, चार दिवसांत कामावर जा म्हणाले. पाच महिन्यांत तिथेच परत पुळी, परत पू. भांडुपहून ऑफिसला जाणारा माणूस, ट्रेनमध्ये सीट मिळाली तरी बसता येईना.

दादरच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत नुसते प्रश्नच विचारले. साखर किती, सिगारेट किती, सारखे जुलाब होतात का, वजन उतरलंय का, घरात कुणाला टीबी होता का, आधी किती वेळा कापलंय. मला वाटलं उगाच वेळ काढतायत. मग केसपेपरच्या मागे पेनाने एकात एक दोन गोल काढले, म्हणाले हे संडास धरून ठेवणारे स्नायू, फिस्टुलाची, म्हणजे भगंदराची, आतून बाहेरच्या कातडीपर्यंत गेलेली वाट जितकी वरून जाते तितका जास्त स्नायू कापला जातो आणि तेवढा गॅस-संडासवरचा ताबा जायचा धोका, आणि आतलं तोंड किंवा एखादी फांदी राहिली तर परत होतंच. एमआरआयमध्ये नेमकी मागे एक फांदी निघाली. आधीचं ऑपरेशन हाही धोकाच धरतात हे मला तेव्हा कळलं.

तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.४ टक्के होती, म्हणजे बरीच जास्त. सरळ म्हणाले, आत्ता फक्त पू काढून सेटॉनचा धागा (पू बाहेर वाहत राहावा म्हणून त्या वाटेत ओवून ठेवतात तो) घालतो, साखर खाली आणा, सिगारेट बंद करा, नाहीतर जखम भरणार नाही. पैसे मिळत असताना ऑपरेशन पुढे ढकलणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला!

अडीच महिने तो निळा रबरी धागा होता, पॅड रोज बदलायचं, कोमट पाण्याच्या टबात दिवसातून तीनदा बसायचं, इसबगोल. ह्यांनी सिगारेट खरंच सोडली. मग स्नायू न कापता आतली वाट बांधून टाकायचं लिफ्ट ऑपरेशन केलं, काढलेला तुकडा टीबीसाठी तपासायला पाठवला, तो रिपोर्ट चांगला आला. आता सात महिने झालेत, पू नाही, ताबा व्यवस्थित आहे, वर्षभर दाखवायला मात्र बोलावलंय.

तक्रार एकच, रिसेप्शनवर आजाराचं नाव घेऊन मोठ्याने हाक मारतात, लोक मान खाली घालून उठतात, ते बघवत नाही, मी डॉक्टरांना सांगितलंय. आणि संध्याकाळी दोन तास बसावं लागतं, खुर्च्या कडक आहेत, घरून उशी न्या.