बॅबेसिया गिब्सोनी: तीन गोळ्यांचा कोर्स की पिवळं औषध?

कुत्र्याच्या रिपोर्टवर ‘बॅबेसिया गिब्सोनी’ (गोचिडीतून येणारा, तांबड्या पेशींत राहणारा परजीवी) आलं असेल, तर टिक फीवरवरचे, म्हणजे गोचीडतापावरचे, नेहमीचे सल्ले जरा बाजूला ठेवा. नुसत्या डॉक्सीने (डॉक्सीसायक्लिन) एर्लिकिया हा गोचिडीतूनच येणारा जीवाणू आवरतो, हा आवरत नाही. मोठ्या बॅबेसियावर चालणारं इमिडोकार्बचं इंजेक्शनही या लहान जातीला सहसा पुरं पडत नाही. मग डॉक्टर साधारण दोन रस्ते सुचवतात: क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सीसायक्लिन असा तीन गोळ्यांचा कोर्स, नाहीतर अ‍ॅटोव्हाक्वोनबरोबर अ‍ॅझिथ्रोमायसिन. यातलं अ‍ॅटोव्हाक्वोन म्हणजेच ते पिवळं औषध. खारघरला आमच्या चिंगीला आधी पहिला दिला आणि काही महिन्यांनी आजार उलटल्यावर दुसरा. तेव्हा दोन्हींबद्दल अनुभवाने बोलतोय, पण एका कुत्रीवरून नियम काढू नये हेही खरं.

हा परजीवी आपल्या देशातला जुनाच. १९१० साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि मग कोल्ह्यात त्याची नोंद केली. आमच्या खाडीकाठीही कोल्हे आहेत, पण मी पहिला संशय घेईन तो भिंतीच्या फटींत राहणाऱ्या तपकिरी गोचिडीवर.

खर्चात तीन गोळ्या सरळ जिंकतात. त्या कुठल्याही केमिस्टकडे मिळतात, आणि सोबत एर्लिकिया असेल तर डॉक्सीने त्याचंही काम होतं. पिवळं औषध महाग आहे, कुत्रा मोठा असेल तर फारच. शिवाय ते दर आठ तासांनी द्यायचं असतं. दुपारचा डोस आईने सांभाळला म्हणून आम्हाला जमलं. घरात दिवसभर कोणी नसेल तर याचा आधी विचार करा. गेटवरच्या ज्या कुत्र्याला तुम्ही फक्त सकाळ-संध्याकाळ भेटता, त्याच्यासाठी मीही दोन वेळच्या गोळ्याच मागेन.

तरी माझं मन दुसरीकडे झुकलं ते मेट्रोनिडाझोलच्या कडूपणामुळे. गोळी जिभेला नुसती लागली की चिंगीच्या तोंडातून फेसाची तार लोंबायची. कलेजीत लपवली तर कलेजी चघळून गोळी तेवढी फरशीवर. चार दिवसांत तिने कलेजी सोडली, मग दहीभात, मग माझ्या हातचं काहीही. धडधाकट कुत्र्याचं ठीक आहे हो, पण इथे रक्त आधीच उतरलेलं असतं. हिरड्या पांढुरक्या, प्लीहा सुजलेली, लघवी कोऱ्या चहासारखी. त्यात पोटात अन्न नाही. आणि हा कोर्स कित्येक आठवडे चालतो, कधी महिनेही. मेट्रोनिडाझोल लांबलं तर तोल जाणं, डोळे लकलकणं अशी लक्षणंही दिसू शकतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

अ‍ॅटोव्हाक्वोनचा कोर्स दहा दिवसांचा. सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या खोबणीत सोडायचं. मिशांना पिवळं चिकटतं, पण चिंगी पळून गेली नाही. अट एकच: पोटात स्निग्ध अन्न हवं, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. आम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक तुपात कालवून द्यायचो. म्हणजे एका औषधाने तिचं खाणं तोडलं आणि दुसऱ्याने खाऊ घालायला लावलं. माझ्यासाठी निवड तिथेच झाली. ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा त्रास झालाय त्याच्या तुपाचं मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि केमिस्टने ‘तेच आहे’ म्हणून प्रोग्वानिल हे दुसरं औषध मिसळलेली मलेरियाची गोळी पुढे केली तर परस्पर घेऊ नका, तिने कुत्र्यांना उलट्या होतात.

याचा अर्थ पिवळं औषध हमखास लागू पडतं असा नाही. परजीवीच्या जनुकात बदल होऊन ते निरुपयोगी ठरल्याची उदाहरणं आहेत. तशा वेळी तीन गोळ्यांचाच आधार उरतो, म्हणून तो रस्ता मी वाईट म्हणणार नाही.

कोणताही कोर्स घेतलात तरी रक्त लगेच चढत नाही. परजीवी कमी झाले तरी शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडत राहू शकतं. मग स्टेरॉइड आणि रक्त चढवण्याची वेळ येते. कावीळ दिसली, श्वास जलद झाला किंवा लघवी कमी झाली, तर गोळ्यांची तुलना सोडून त्याच रात्री दवाखाना गाठा.

कोर्स संपल्यावर दोन महिन्यांनी पीसीआर (रक्तात परजीवीचं जनुक शोधणारी तपासणी) करा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा. स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी) स्वच्छ आला म्हणून थांबू नका, थोडे परजीवी त्यात निसटतात. आणि असा कुत्रा बरा झाला तरी त्याचं रक्त दुसऱ्याला देऊ नका.