नऊ महिन्यांनंतर: इंजिन उठलं, पण पितळी कॉक कुठाय?

हे लिहायचं पाडव्यालाच ठरवलं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर गॅरेजवाल्याला नुसत्या शिव्या घातल्या असत्या. आता नवरात्र उलटलं, रिपेरीनंतर आमच्या नावेच्या डिझेल इंजिनाचे अडीचशेच्या वर तास भरलेत आणि माझं मत बरंच फिरलंय. एका कॉकचं सोडून.

इंजिन विहिरीवर पाणी उपसायला असतं तसलंच आहे: उभं, एका सिलिंडरचं, पाच घोडे, मिनिटाला १५०० फेरे, बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११०. ते बसवलंय पत्र्याच्या नावेवर. बेळगाव जिल्ह्यातल्या यडूर-कल्लोळ पट्ट्यात आमचं निम्मं रान कृष्णेच्या पलीकडं आहे, त्यामुळं वैरण, खत, डेअरीचे कॅन, झालंच तर आमच्या आत्तीसुद्धा या नावेनंच ये-जा करतात.

माघात ते भर नदीत बंद पडलं. इंजिन थंड ठेवायला नदीचंच पाणी पंपानं ब्लॉकमध्ये घ्यायचं आणि नळीनं बाहेर टाकायचं, अशी सोय होती. पाणी ओढणाऱ्या जाळीला केंदाळ, म्हणजे जलपर्णी, गुंडाळलं. बाहेर पाणी टाकणारी नळी माझ्या गुडघ्याजवळच असते, ती कोरडी पडली होती. पण मी फोनवर ऊसतोडीच्या टोळीशी भांडत होतो. आवाज जड झाला, म्हस कण्हल्यासारखा, आणि गप्प. व्हॉल्व उचलून धरून हँडल मारायला गेलो तर तसूभर हलेना. भाचा आणि मी बांबू रेटत काठाला आलो.

ऑइलची काडी काढली तर टोकाला दुधाचा चहा. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी, तिच्या खालच्या रबरी ओ-रिंगा करपून पाणी ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलेलं. हेड उचललं तर पिस्टन लायनरला धरून बसलेला, लायनरवर नखाला लागतील असे उभे ओरखडे. तरी खरा दोष केंदाळाचा नव्हता. ब्लॉकच्या तळाला पाणी सोडायचा छोटा पितळी कॉक असतो ना, तो उघडला तर थेंब नाही. तारेनं टोकरलं तेव्हा चिखलाची वळकटी बाहेर आली. पावसाळ्यातलं गढूळ पाणी दोन वर्षं आतून फिरत होतं, गाळ लायनरभोवती बसत होता आणि तो कॉक मी एकदाही उघडला नव्हता. दर आठवड्याला उघडून अर्धी बादली पाणी सोडलं असतं तर हा लेख झाला नसता.

नवं घ्यायचं की हेच उठवायचं, यावर घरात पंधरा दिवस गेले. नव्या इंजिनाचा भाव पन्नास हजारांच्या आतबाहेर. वेंगुर्ल्याकडं होड्यांत बसवतात तसं गिअरबॉक्ससकट घ्यायचं तर लाखाच्या वर. गावात एकाचं जुनं इंजिन मोटर बसवल्यापासून गोठ्यात पडून होतं, बारा हजाराला देतो म्हणाला. त्याच्या सायलेन्सरमध्ये चिमण्यांनी घरटं केलेलं बघून मी हात जोडले. चिकोडीतल्या एका मेस्त्रीनं ब्लॉक बघून मान हलवली, «आगंगिल्ल री, होसदु तगोर्री.» नवं घ्या म्हणणं सोपं आहे. पैसे त्याच्या खिशातले जाणार नव्हते.

भाचा म्हणत होता कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊ. मी बेळगावची उद्यमबाग, तिथली कारखान्यांची वसाहत, धरली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, १८८८ साली त्यांनी सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात, १९१० ला कारखाना घेऊन कुंडल रोडला गेले ते नंतर. इतकं भाषण केल्यावर मागं फिरता येईना.

गॅरेजचं बिल १०,९०० झालं, त्यात मजुरी साडेतीन हजार. नवा लायनर-पिस्टन-रिंगांचा सेट, क्रँकचं पिन दहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) घासून त्या मापाचं बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व लॅपिंग, नोझल तपासणी. काम नीटच होतं. क्रँक घासल्यावर मायक्रोमीटर लावून माझ्यासमोर तीन ठिकाणी माप घेतलं. टेंपोचं भाडं चौदाशे वेगळं.

घरी आणून खाली वाकून बघतो तर कॉकच्या जागी बोल्ट! सफेदा आणि धागा लावून घट्ट आवळलेला. ज्या कॉकपायी एवढं रामायण झालं, नेमका तोच गायब. फोन केला. मालक म्हणाले, जुना कॉक जाम होता, गळाला असता म्हणून प्लग मारला. म्हटलं, मग नवा टाकायचा. «अहो, नव्वद रुपयांची वस्तू आहे, तिकडंच मिळंल की.» दहा हजार नऊशे घेताना नव्वद जड झाले? आणि जुना कॉक कुठं आहे? ते म्हणाले बघतो. अजून बघतायत.

तापण्यावर इलाज मात्र फुकटात कळला. मागं वेंगुर्ल्याच्या बंदरावर एका म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, सांगितलेलं: बाहेरचं पाणी इंजिनाला पाजूच नको, इंजिनाचंच पाणी नावेच्या तळाखालून फिरव. आमच्याकडं उसाच्या ट्रॉल्या बांधणारा आहे, त्याच्याकडून नावेच्या तळाला बाहेरून सी-चॅनल वेल्ड करून घेतलं. पत्रा आणि चॅनल यांच्यामधल्या पोकळीतून पाणी जातं, नदी बाहेरून ते थंड करते आणि पंप ते परत ब्लॉकमध्ये आणतो. वर पाच लिटरचा डबा, आत कूलंट. वेल्डिंगसकट ३,८०० रुपये. पाणी भरून रात्रभर ठेवलं, दोन ठिकाणी घाम फुटला, परत टाके मारले. तेव्हापासून हेडवर हात ठेवला की चटका बसतो, पण कढ येत नाही. केंदाळ आता फक्त नाव ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला गुंडाळतं, ते कोयत्यानं कापता येतं.

मग चैत्रात निळा धूर सुरू झाला. दहा तासाला पाव लिटर ऑइल पीत होतं. रिंगा उलट्या घातल्या, सेट हलका लावला, असे सगळे आरोप करून झाले, त्यात कॉकचाही विषय काढलाच. गॅरेजातल्या म्हाताऱ्या मेस्त्रीनं एकच विचारलं, «भार किती घालालाय?» भार कसला, नवीन काम म्हणून दोन महिने मी रिकामी नाव इंजिनाच्या निम्म्या वेगावर फिरवत होतो, डिझेलही वाचत होतं. «लई जपालाय तुम्ही. रिंगा लायनरला घासून बसल्या पायजेत. हलक्यावर लायनर काचेगत होतंय, मग ऑइल वर चढतंय. वडू द्या त्याला.»

मला ती पळवाट वाटली. चूक कबूल करायला नको म्हणून मलाच उलटं शिकवतोय, असं घरात सांगितलंसुद्धा.

पुढं पावसानं माझा निकाल लावला. कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला, अंकलीच्या पुलावरून वळसा घालून वैरण आणणं परवडेना. पूर ओसरून ओढ कमी झाली तसा नावेवर भार पडायला लागला. तीन आठवडे रोज दोन फेऱ्या, उसाच्या वाड्याचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, भारे काठोकाठ, वर चार माणसं, इंजिन पूर्ण ओढीवर. तासाला लिटरभर डिझेल जात होतं आणि माझा जीव तीळ तीळ तुटत होता. पहिले चार दिवस धूर तसाच. आठव्या दिवशी भाचा म्हणाला, मामा, धूर कुठाय? काडी बघितली, खूण जिथल्या तिथं. आता दहा तासात ऑइल जेमतेम बोटाच्या पेराइतकं उतरतं. त्या मेस्त्रीला फोन करून सांगितलं. तो नुसता हसला. त्यानं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

गॅरेज, टेंपो आणि चॅनल मिळून १६,१००. असाच लायनर धरला असेल तर उठवून घ्या, पण ब्लॉकला तडा नाही याची खात्री करून. बसवताना कपलिंगची, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा दांडा जिथं जोडतात तिथली, सरळ रेघ स्वतः बघा. माझं थोडं वाकडं होतं, तर ग्लँडची दोरी (दांडा नावेबाहेर जातो तिथं पाणी अडवणारी) महिन्यात जळाली आणि नावेत पाणी साचायला लागलं. आणि नवं काम दोन-चार तास हलकं चालवून झालं की भार घाला.

भाचा म्हणतो, आता आत स्वच्छ पाणी फिरतं, गाळ येणारच नाही, कॉक हवाय कशाला? हवाय. चिकोडीत नव्वदचा मिळाला, घासाघीस करून ऐंशीला आणला. बोल्ट काढायचा तर सगळं कूलंट सांडणार, म्हणून दिवाळीत कूलंट बदलताना बसवणार आहे. तोवर तो नावेच्या किल्लीला लटकतोय. जुना मात्र मागून घेणारच आहे, तो अस्सल पितळेचा होता.