बंदुकीची खरेदी: ओळखीचे दुकान, मोठे स्टोअर की ऑनलाइन?

अमेरिकेत दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन मागवलेली बंदूक थेट घरी येत नाही. 1968 च्या कायद्यानुसार ती परवानाधारक विक्रेत्याकडेच येते आणि तिथे 4473 क्रमांकाचा फॉर्म भरून पार्श्वभूमीची तपासणी झाल्यावरच हातात पडते. नेमबाजीच्या सरावासाठी 12 गेजची (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) शॉटगन मी अशीच मागवली, पण हस्तांतरणाच्या शुल्कात आणि पाठवणीच्या खर्चात किमतीतली बचत जवळजवळ संपली. शिवाय खोके उघडताच लाकडी दस्त्यावर केसाएवढी बारीक चीर दिसली आणि ती परत करण्यासाठी कित्येक आठवडे पत्रव्यवहार करावा लागला.

दुसरी बंदूक मी गावातल्या छोट्या दुकानातून घेतली. दुकानदाराने ती रिकामी असल्याची आधी स्वतः खात्री केली, मलाही करायला लावली आणि मग डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितली; डोळे उघडले तेव्हा नळीवरची पट्टी मला दिसतच नव्हती, म्हणजे दस्ता माझ्या गालासाठी फार खाली होता. त्यांनी तो तिथल्या तिथे उंच करून दिला. अशी पारख कोणत्याही वेबसाइटवर मिळत नाही, आणि माझ्या मते थोडे जास्त पैसे त्यासाठीच मोजावेत. काडतुसे मात्र मी मोठ्या स्टोअरमधूनच घाऊक घेतो. तिथे ती खरोखर स्वस्त पडतात.