साताऱ्याच्या माचीवरून पुण्याला घर हलवताना: टेंपोवाले, पॅकर्सवाले की ॲपवाले?

साताऱ्यात पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते त्यातल्या त्यात सपाट. राजपथ हा वरचा रस्ता, कर्मवीर पथ हा खालचा. या दोघांना जोडणारे आणि राजपथावरून अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चढणारे बोळ मात्र असे आहेत की तिथे सामान हलवण्याचा खर्च किलोमीटरवर ठरत नाही, घराच्या दारापासून टेंपोच्या फाळक्यापर्यंतच्या अंतरावर ठरतो. पुढचे पुण्यापर्यंतचे एकशेदहा किलोमीटर सोपे. माची पेठ, चिमणपुरा, समर्थ मंदिराच्या वरची वस्ती इथलं घर पुण्याला न्यायचं असेल तर तीन प्रकारची माणसं मिळतात, आणि तिघांत फरक बराच आहे.

पहिले पुण्या-मुंबईचे पॅकर्स-मूव्हर्स. यांची बांधणी उत्तम, त्यात वाद नाही. पाच पदरी पुठ्ठ्याचे खोके, बबल, वरून स्ट्रेच फिल्म, काचेच्या टेबलाला चारी कोपऱ्यांवर थर्माकोल. गोची होते ती पाहणीत. पाहणी हल्ली व्हिडिओ कॉलवर होते आणि प्रश्न ठरलेले असतात: कितवा मजला, लिफ्ट आहे का, किती खोल्या. दाराबाहेर किती पायऱ्या आहेत हे कुणी विचारत नाही. मग चौदा किंवा सतरा फुटी आयशर, म्हणजे मोठी मालमोटार, येते, राजपथावरच थांबते, आणि तिथून ‘शटल’चे पैसे वेगळे निघतात. छोटा हत्ती बोळातून सामान खाली आणणार, ते आयशरमध्ये पुन्हा चढणार. म्हणजे प्रत्येक नग एकदा जास्त उचलला जातो, तोही भर रस्त्यात, मागे वाहनं हॉर्न देत असताना. फुटतं ते बहुतेक इथेच. शिवाय घर लहान असेल तर ‘पार्ट लोड’मध्ये दुसऱ्याच्या सामानाबरोबर जातं आणि पोहोचायला एकाच्या जागी तीन दिवस लागतात. हे आधी सांगितलं तर हरकत नाही. सहसा सांगत नाहीत.

दुसरे ॲपवरून मागवलेले टेंपो. यांच्याबद्दल थोडक्यातच: वाहन आणि चालक, एवढंच मिळतं. भरायला दिलेला वेळ संपला की थांबण्याचं भाडं सुरू होतं, आणि चढाच्या बोळात तो वेळ हमखास संपतो. घर राजपथाला लागून असेल आणि उचलायला आपली माणसं असतील तरच यांचा विचार करावा.

तिसरे गावातले टेंपोवाले, सोबत त्यांचे नेहमीचे हमाल. बांधणी साधी: पोती, सुतळी, जुने पेपर, वरून ताडपत्री. पक्कं बिल मिळेलच असं नाही, विमा तर नाहीच. पण कुठल्या गटारावरची फरशी चाकाखाली फुटते, कुठल्या वळणावर कुणाची गाडी कायम उभी असते, सकाळी किती वाजेपर्यंत बोळ मोकळा असतो, हे यांना पाठ असतं. चढाच्या घरासाठी आमची पसंती यांनाच. मात्र बांधणी स्वतः करायची किंवा वेगळ्या माणसाकडून करून घ्यायची.

वाहन कोणतं मागवायचं, इथे बहुतेक जण फसतात. छोटा हत्ती साधारण पाच फूट रुंद, बोलेरो पिकअप साडेपाच फुटांच्या पुढे, आयशर सात फुटांच्या आसपास, आरसे वेगळे. त्यावर चालकाच्या बाजूला दार उघडून उतरायला दीड फूट तरी हवा. बोळाची रुंदी सगळ्यात अरुंद जागी मोजायची, आणि ती जागा बहुधा तोंडाशीच असते: विजेचा खांब, पुढे आलेला ओटा, नाहीतर नळाचा चेंबर. बंद बॉडीची गाडी असेल तर वरही बघा, केबलच्या लोंबत्या तारा आणि जुन्या घरांचे सज्जे आडवे येतात. टेप लावून चार आकडे घेतले आणि बोळाचे फोटो पाठवले तर अर्धी भांडणं टळतात.

एका बेडरूमच्या घराला भरलेली एक पिकअप आणि वर एक छोटा हत्ती पुरतो. दोन बेडरूमला दोन पिकअप. छोट्या हत्तीवर साडेसातशे किलोच्या वर लादू नये. लोक लादतात. वजन मागच्या टोकाला गेलं तर चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही, आणि क्लचचा जळका वास तर गल्लीभर पसरतो. एक आयशर आणि शटल घेण्यापेक्षा दोन पिकअप दारापर्यंत आणून थेट पुण्याला सोडणं आमच्या मते जवळजवळ नेहमी चांगलं. टोल आणि डिझेल दुप्पट दिसतं, पण एक पूर्ण चढ-उतार वाचते.

उभं करण्याची पद्धत बघून चालक ओळखता येतो. जाणता चालक बोळात टेंपो मागे घेत चढवतो, म्हणजे तोंड उताराकडे आणि फाळका चढाकडे. त्यात तीन फायदे. फाळक्यामागचा रस्ता वर चढत गेलेला असल्यामुळे फळी कमी तिरकी लागते. सामान आपोआप केबिनकडे रेलतं, फाळक्यावर येत नाही. आणि भरलेली गाडी तोंडानं, पहिल्या गिअरमध्ये, सावकाश उतरते. तोंड चढाकडे करून भरली की फळी शिडीसारखी उभी राहते आणि कपाट चढवताना खालच्या माणसाच्या छातीवर येतं. उभी केल्यावर हँडब्रेक, रिव्हर्स गिअर, पुढची चाकं भिंतीकडे वळवलेली आणि मागच्या चाकांना उताराच्या बाजूनं लाकडी ठोकळे. विटेचा तुकडा चालत नाही, वजन आलं की चुरा होतो. निम्मं सामान चढलं की टायर बसतो आणि ठोकळा सैल पडतो. तो पुन्हा ठोकून घ्यायचा. न सांगता हे करणारा चालक मिळाला तर भाव फार ताणू नये.

माणसं किती? साध्या हिशोबानं बघा. साठ नग आणि दारापासून टेंपोपर्यंत ऐंशी मीटर धरले तर जाऊन-येऊन साडेनऊ किलोमीटरच्या वर चाल होते. चौघांत वाटली तर प्रत्येकाला जवळपास अडीच, त्यातली निम्मी ओझं घेऊन. दोन माणसांत हे काम होतच नाही असं नाही, पण दुपारी तीननंतर ती थकतात आणि वस्तू सुटायला लागतात. घर टेंपोच्या खालच्या बाजूला असेल, म्हणजे भरलेली चाल चढाची असेल, तर पाचवा माणूस घ्याच. खोके बारा ते पंधरा किलोंच्या वर नकोत. पुस्तकं लहान खोक्यात, मोठ्या खोक्यात उशा-पांघरुणं. पुस्तकांनी भरलेल्या मोठ्या खोक्याचा तळ चढावरच फाटतो.

आता जड नग. लोखंडी कपाट, साडेसहा फुटी, रिकामं असलं तरी साठ ते ऐंशी किलो. कप्पे काढून वेगळे बांधा, लॉकर रिकामा करा, दारं कुलूप लावून वरून दोरीनंही आवळा, कारण तिरकं झालं की कुलपाची जीभ निसटते आणि दार उघडून पुढच्या माणसाच्या तोंडावर येतं. पायऱ्यांवरून नेताना खालच्या माणसाकडे जास्त वजन येतं. म्हणून खाली जोरकस माणूस, वर उंचीनं कमी. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं केलेलं दिसतं. जुन्या वाड्यात जिना अरुंद असेल तर कपाट जिन्यात वळत नाही आणि सज्जातून दोरानं उतरवावं लागतं. त्याला दोन दोर, वर तिघं, खाली एक, आणि काठावर गोधडी. सज्जाचं लाकूड कुजकं असेल तर हा उद्योग करू नये. बिजागरी काढून दारं सुटी होतात का ते बघावं.

पुढून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन साठ-सत्तर किलोंचं असतं, ड्रमला काँक्रीटचं वजन बांधलेलं असल्यामुळे. मशीन नवीन आलं तेव्हा मागून काढलेले ट्रान्झिट बोल्ट परत बसवल्याशिवाय ते हलवायचं नाही. बोल्ट हरवले असतील तर त्याच मॉडेलचे मागवा. नाहीतर वाटेत ड्रम हिंदकळून आतलं सस्पेन्शन जातं आणि पुण्यात पहिल्याच स्पिनला मशीन नाचतं. फ्रीज शक्यतो उभाच न्यायचा, फार तर थोडा तिरका, आणि उतरवल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा.

इन्व्हर्टरची बॅटरी हा सगळ्यात दुर्लक्षित धोका. दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पंचावन्न-साठ किलोंची असते आणि तिच्यात ॲसिड असतं. ती खांद्यावर घ्यायची नाही. पट्टा लावून दोघांनी, उभी ठेवून, एकटी न्यायची. टेंपोत केबिनला टेकवून, आजूबाजूला कपडे-गाद्या न ठेवता. भरलेला गॅस सिलिंडर कुठल्याच टेंपोत जाऊ नये. जोडणी दुसऱ्या शहरात न्यायची तर एजन्सीत सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून कागद घ्यायचे आणि तिकडे नवीन घ्यायचे.

भरण्याचा क्रम: केबिनला लागून कपाटं, वॉशिंग मशीन, फ्रीज, मध्ये खोके, फाळक्याजवळ गाद्या, खुर्च्या, कुंड्या. आडवा दोर एकदा नव्हे, प्रत्येक थराला. खंबाटकीच्या पट्ट्यात वळणं आणि ब्रेक दोन्ही जोरात लागतात, सैल थर तिथे सरकतो.

जून ते सप्टेंबर शक्य असेल तर टाळा. कासच्या बाजूनं झड आली की फरशीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, हमालाची चप्पल सरकते आणि पुठ्ठ्याचे खोके मऊ पडतात. टाळता येत नसेल तर खोक्यांऐवजी प्लॅस्टिकचे क्रेट मागा, पायऱ्यांवर आदल्या दिवशी खराटा मारून घ्या, आणि ताडपत्री स्वतः तपासा. टेंपोवाल्याच्या ताडपत्रीला भोकं असतातच. गणपती आणि नवरात्रात मंडपांमुळे बोळाचं तोंडच बंद असतं, तेव्हा तारीख ठरवण्याआधी मंडळाला विचारा. वेळ सकाळी सातची. नऊनंतर दुचाक्या आणि शाळेच्या रिक्षा यांच्यात टेंपो मागे घेणं म्हणजे तासाभराची करमणूक, फक्त शेजाऱ्यांची.

भाव ठरवताना कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर या गोष्टी शब्दांत हव्यात: वाहनाचं नाव, माणसं किती, दारापासून टेंपोपर्यंत अंदाजे अंतर आणि पायऱ्या, शटल लागलं तर पैसे कुणाचे, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) भाड्यात धरली आहे की नाही, पुण्यात कितव्या मजल्यापर्यंत चढवणार, आणि लिफ्ट बंद असेल तर काय. ‘सगळं बघून घेतो’ हा भाव नव्हे. पाहणीला स्वतः येऊन बोळ चालून गेलेला माणूसच खरा आकडा देतो. जो येत नाही आणि तरी सगळ्यात कमी सांगतो, तो सामान निम्मं भरल्यावर उरलेलं मागतो.

कंपनीकडे देत असाल तर जीएसटी क्रमांक पंधरा अंकी-अक्षरी आहे का आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर २७ नं सुरू होतो का ते बघा. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की नाव निघतं. बिलावरचं नाव आणि ते नाव जुळलं पाहिजे, कारण प्रसिद्ध नावांच्या जवळपास जाणारी नावं या धंद्यात खूप आहेत. बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, घ्या आणि त्यावर महागड्या वस्तूंची किंमत लिहून घ्या. रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, आणि किंमत जाहीर केलेली नसेल तर भरपाई भाड्याच्या प्रमाणात मर्यादित राहते. ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असेल तर सही करण्याआधी विम्याचं विचारा.

गुण द्यायचे तर गावातला टेंपो आणि चार हमाल, बांधणी आपली: पाचपैकी चार. पॅकर्स कंपनी, पाहणीला माणूस आला आणि पिकअपनंच काम करायला तयार असेल तर साडेतीन. आयशर आणि शटल असेल तर दोन. ॲपचा टेंपो राजपथाच्या कडेला तीन, माचीवर एक. काच, देव्हारा, जुना आरसा असं नाजूक सामान जास्त असेल तर कंपनीकडून फक्त बांधून घ्यायचं आणि वाहन गावातलं लावायचं, हा आणखी एक मार्गही आहे. बांधणीचे वेगळे पैसे घेऊन बऱ्याच जागी हे करून देतात, फक्त मागावं लागतं.